दोष भाजीचा नव्हे, घड्याळाचा!

परवा एका पंगतीत एका वहिनींनी विचारलं, "तुम्ही तर दूध-दहीसुद्धा सोडलंत, मग तुम्हाला कसलं हो पित्त?" मंडळी, याच गैरसमजाशी मला आज भांडायचं आहे.

दूध सोडलं तेव्हा मलाही वाटलं होतं, आता पोट शांत! प्रत्यक्षात रात्री दोनला घशाशी आंबट पाणी घेऊन अंथरुणात उठून बसायची पाळी आली. आईचा थंड दुधाचा उपाय माझ्यासाठी संपला होता. तसाही तो घटकाभराचाच. दुधाने आधी थंड वाटतं, मग जठरात आम्ल पुन्हा पाझरतं. राहता राहिल्या सुट्टीत गावाहून आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या.

शेवटी डॉक्टरांनी दोन आठवडे खाण्याची वही लिहायला लावली. ते माझंच आरोपपत्र निघालं! साबुदाणा वडे, मिसळीची तर्री, शुक्रवारचं फलाफेल, पुदिन्याची चटणी, ऑफिसात चार कप काळी कॉफी. सगळं वनस्पतिजन्य, दुधाचा थेंब नाही! वर रात्री साडेदहाला पोटभर जेवून अकराला आडवा. तेलकट अन्न जठरात रेंगाळतं, अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते आणि आडवं होताच आम्ल वर येतं. त्या झडपेला शाकाहाराचं कौतुक नसतं.

"इथली हवाच गरम!" ही आपली दुसरी पळवाट. मित्रिबाला २०१६ साली पारा ५३.९ अंशांवर गेला होता हे खरं, पण तो बाहेरचा, जठरातला नव्हे.

मी काय बदललं? रात्रीचं जेवण साडेसातला: मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, पडवळ किंवा भोपळा. अब्बासियात हे सगळं मिळतं. तळण आठवड्यातून एकदा, तेही दुपारी. कॉफी एक कप. पलंगाची उशाकडची बाजू वीतभर उंच आणि झोप डाव्या कुशीवर. टोमॅटो मला बाधतो, तुम्हाला कदाचित नाही. म्हणून वही ज्याची त्याने लिहावी.

"दुकानात दोन पाळ्या करून रात्री दहाला घरी येणाऱ्याने काय करावं?" प्रश्न रास्त आहे. त्याने मुख्य जेवण दुपारच्या सुट्टीत करावं, संध्याकाळी जवळ केळं ठेवावं आणि रात्री वाटीभर पेज घ्यावी.

गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर जरूर घ्या, पण त्यांच्या भरवशावर वडे खाऊ नका. दूध सोडलेल्यांना ब-१२ जीवनसत्त्व आहारातून मिळणं मुळातच कठीण. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर अन्नातलं ब-१२ अंगी लागणंही कमी होतं. रक्त तपासून घ्या. घास अडकणं, कारण नसता वजन घटणं, काळी शौचाला होणं यांना पित्त म्हणून झाकू नका. आणि छातीत दुखून घाम फुटला तर सोडा-लिंबू शोधू नका, इस्पितळ गाठा.

आता कार्यकारिणीला कळकळीची विनंती. आपल्या कार्यक्रमांत पानं वाढेपर्यंत अकरा वाजतात. मुलं पेंगतात, ज्येष्ठ मंडळी घरी जाऊन रात्रभर जळजळ सोसतात. यंदा आठला पानं मांडा, एक तळण कमी करा, एक साधी भाजी वाढवा. भाषणं जेवणानंतर ठेवा. भरल्या पोटी आम्ही ती ताठ बसून ऐकू. पित्तावर त्याहून चांगला उपाय नाही!