आधी तळपायाला, मग कानाला

आम्ही कला शाखेची मंडळी दहावी ओलांडली की विज्ञानाला जो रामराम ठोकतो, तो कायमचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सर्वांनी सर्व शिकावे असा हट्ट कोणी धरू नये. पण निरोपाच्या वेळी जी दोन-चार वाक्ये पदरात पडतात ती आपण जन्मभर जपतो, आणि त्यांतले एखादे चुकीचे असले तर तेही तितक्याच इमानाने जपतो. माझ्या पदरात पडलेले वाक्य असे : 'माध्यमाची घनता जितकी जास्त, तितका ध्वनीचा वेग जास्त; म्हणून तो स्थायूत सर्वांत जास्त व वायूत सर्वांत कमी असतो.' गाइडात ते ठळक अक्षरांत छापले होते. ते लिहून मी पूर्ण गुण मिळवले आहेत.

उत्तरार्ध मला मनोमन पटे, आणि त्याचे श्रेय गाइडाला नव्हे, विहिरीला. आमच्या पारनेर भागात विहीर खणायची म्हणजे माती आणि मुरूम संपला की खाली काळा पाषाण. तिथे कुदळ हात टेकते; सुरुंगच लावावा लागतो. बत्ती देण्याआधी ओरडा होई आणि आम्हां पोरांना लांबच्या बांधावर पिटाळले जाई. अनवाणी उभे असलो की आधी तळपायाला हिसका बसे, आणि मग कानावर धडाका येई. विहीर अर्धा किलोमीटर दूर असली, तर अखंड खडकातून धक्का सेकंदाच्या दहाव्या हिश्शात पोचतो. हवेतून यायला आवाजाला जवळजवळ दीड सेकंद लागतो. स्फोट एकच, वाटा दोन. (आपल्या भाषेत चाहूल ऐकू येत नाही, ती 'लागते', हे मला तेव्हापासून फार योग्य वाटते.)

पुढे त्याच विहिरीत पोहायला शिकलो. बुडी मारून एकाने दगडावर दगड आपटायचा आणि बाकीच्यांनी पाण्याखालूनच दिशा ओळखायची, हा आमचा खेळ. ती कोणालाच ओळखता येत नसे; आवाज आपल्या डोक्यातच झाला असे वाटे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, पाण्यात सुमारे १,४८०. दोन कानांवर आवाज पोचण्यात जो किंचित फरक पडतो त्यावरून मेंदू दिशा ताडतो. पाण्यात तो फरकच चौपटीहून कमी होतो. १८२६ साली कोलादों आणि स्टुर्म यांनी जिनिव्हा सरोवरात हाच वेग मोजला. बुडालेल्या घंटेवर ठोका पडताच वर बंदुकीची दारू पेटे; भडका दिसल्यापासून घंटेचा नाद येईपर्यंतचा वेळ त्यांनी घेतला. थंड पाण्यात आकडा आला १,४३५ मीटर. त्यांचीही बत्तीच, आमचीही बत्तीच !

मग चूक कुठे आहे? 'घनता' या शब्दात. शिसे लोखंडाच्या जवळजवळ दीडपट जड. वाक्य खरे असते तर शिशाच्या कांबीतून ध्वनी अधिक वेगाने धावला असता. प्रत्यक्षात लोखंडाच्या कांबीत तो सेकंदाला पाच हजार मीटरच्या वर जातो आणि शिशात जेमतेम बाराशे. हायड्रोजन हवेच्या चौदाव्या हिश्शाइतका हलका, तरी त्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा जवळजवळ चौपट जलद. खरी गोष्ट अशी की पदार्थ दाबला असता किती जोराने मूळ जागी उसळतो, यावर वेग ठरतो. जडपणा उलट लगाम घालतो. पोलाद, पाषाण जड असले तरी त्याहून कितीतरी अधिक ताठर आहेत, म्हणून बाजी मारतात. शिसे जडही आणि मऊही. पाणी दाबायला जाल तर दबत नाही. हवा सहज दबते.

ही गोष्ट मला कळली ती पदवी हाती आल्यावर, रद्दीत मिळालेल्या एका पुस्तकावरून. इतकी वर्षे मी चुकीचे कारण बाळगून होतो, आणि त्या कारणाला शाबासकी मिळाली होती, याचा मला राग येतो. उत्तर बरोबर आणि कारण चूक, अशा उत्तराला पूर्ण गुण देणारी परीक्षा विद्यार्थ्याला शंका न घेण्याचे बक्षीसच देत असते. सुरुंग लावणाऱ्या माणसाने तसले वाक्य कधी पाठ केले नव्हते. तो मात्र पायाला हिसका बसल्याखेरीज बांधावरून हलू देत नसे.

ज्यांना पडताळा पाहायचा असेल त्यांनी तीसएक मीटरचा सलग लोखंडी नळ शोधावा, एका टोकाला मित्राला दगड देऊन बसवावे आणि दुसऱ्या टोकाला कान लावावा. ठोका एक पडेल, ऐकू दोन येतील.