आधी तुमचा कागद सोडा

ई-फायलिंगच्या सक्तीवर बोलणारा वकील म्हातारा तरी असतो, कामचुकार तरी असतो, नाहीतर दलाल असतो, असं एकदा ठरवून टाकलं की पुढचं काम सोपं जातं. परिपत्रक काढायचं, कार्यशाळा घ्यायची, चहा-बिस्किटं खाऊन प्रमाणपत्रं वाटायची. मी या तिघांत बसत नाही. नेकनूरचा आहे, मराठवाड्यातल्या दोन-तीन कोर्टांत काळा कोट घालून हिंडतो आणि लॅपटॉप स्वतः चालवतो. कोर्टं कोणती ते लिहीत नाही. सोमवारी तिथंच उभं राहायचं आहे.

मला ई-फायलिंग हवं आहे. तारखेचा एसएमएस, मोबाइलवर दिसणारा हुकूम, सोळा अंकाक्षरांच्या सीएनआर नंबरावर उघडणारी प्रकरणाची कुंडली, हे सगळं आलं तेव्हा मी मनापासून खूश झालो. अमेरिकेत संघीय न्यायालयांचं पेसर नावाचं जाळं नुसतं कागद बघायला पानामागे दहा सेंट घेतं. आपल्याकडे ते फुकट आहे, आणि त्याबद्दल पुण्याच्या एनआयसी या सरकारी संगणक संस्थेत बसून हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं कौतुक झालंच पाहिजे. माझं भांडण यंत्राशी नाही. न्यायव्यवस्थेने स्वतःचा कागद सोडलेला नाही आणि माझ्याकडून मात्र ती पीडीएफ मागते आहे, भांडण त्याच्याशी आहे.

एक साधा दावा दाखल करायचा तर काय करावं लागतं, ते वकिलीबाहेरच्या माणसाला माहीत नसतं. दावा टाइप करायचा. प्रिंट काढायची, कारण पक्षकाराची सही नाहीतर अंगठा कागदावर हवा. वकालतनाम्यावर वेल्फेअर फंडाचं तिकीट चिकटवायचं. कोर्ट फी भरून तिची पावती जोडायची. मग हा सगळा गठ्ठा स्कॅन करायचा. म्हणजे संगणकात होतं ते कागदावर आणलं, आणि कागदावरचं परत संगणकात नेलं. पीडीएफ शोधता येईल अशी हवी, तिला बुकमार्क हवेत, पानं तिरकी नकोत. अपलोड करायचं, ओटीपीची वाट बघायची, हरकत निघाली की दुरुस्त करून पुन्हा चढवायचं. एवढं सगळं पार पडलं की खिडकीतून प्रश्न येतो, "वकीलसाहेब, हार्ड कॉपी आणली का?"

आणलेली असते. प्रतिवादींच्या संख्येएवढ्या जादा प्रतीही आणलेल्या असतात. निशाणी त्या कागदावर पडते, साक्षीदाराला तोच कागद दाखवतात, युक्तिवादाच्या वेळी न्यायाधीश तोच चाळतात. मी रात्री जागून चढवलेली पीडीएफ कुठल्या तरी सर्व्हरवर सुखाने झोपलेली असते. जिथं दोन्ही मागतात तिथं कागद वाचला कुठे? जुनं काम होतं तसंच आहे, त्याच्या डोक्यावर नवं बसलंय. आणि हे नवं काम पूर्वी कोर्टाचा कारकून करायचा. पक्षकारांची नावं, पत्ते, कायद्याची कलमं संगणकात भरणं ही आता माझी जबाबदारी. पगार मात्र कारकुनालाच. बरोबर आहे, तो तरी बिचारा काय करणार, त्यालाही हरकती काढायचं काम वाढलंच आहे.

पैसा कमी पडला म्हणावं तर तसंही नाही. ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ मध्ये सुरू झाला. २०१५ मध्ये दुसरा आला, १,६७० कोटींचा. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिसऱ्याला ७,२१० कोटी मंजूर केले. त्यातले दोन हजार अडतीस कोटी फक्त जुनी-नवी कागदपत्रं स्कॅन करण्यासाठी आहेत आणि पानांचा अंदाज आहे ३,१०८ कोटी. भागाकार करा, पानाला साधारण ६५ पैसे पडतात. आमच्या कोर्टासमोरचा झेरॉक्सवाला ६५ पैशांत पान उलटूनसुद्धा दाखवणार नाही. तो घेतो तो भाव मी पक्षकाराकडून घेतो, आणि पक्षकार म्हणजे दोन एकर कोरडवाहू कापसावर घर चालवणारा माणूस. फीच्या हिशेबात आता नवी ओळ आली आहे, 'ऑनलाइनचे वेगळे'. ती ओळ लिहिताना मला लाज वाटते. माझ्या काही बंधूंना अजिबात वाटत नाही.

दलाल जातील, हे या सगळ्याचं मोठं आश्वासन होतं. नेकनूरच्या बाजारात येऊन बघा. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे मोठं गाव. आसपासच्या वाड्या-तांड्यांचा माणूस आठवडी बाजार, दवाखाना आणि पोलीस ठाणं यांसाठी इथं येतो. आता चौथं कारण झालंय ऑनलाइन सेंटर. सातबारा तिथं, पीएम किसान तिथं, जातीचा दाखला तिथं. २०२३ च्या खरिपात सरकारने एक रुपयात पीकविमा आणला. अर्ज ऑनलाइन, हप्ता एक रुपया. शेतकऱ्याकडून शे-दोनशे उकळले जात असल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. पुढे आमच्याच बीड जिल्ह्यात भलत्यांच्या नावावर भलत्या जमिनींचे बोगस विमे निघाले आणि २०२५ मध्ये ती एक रुपयाची योजनाच गुंडाळली गेली. पोर्टलने दलाल मारला नाही, त्याला खुर्ची आणि प्रिंटर दिला. ई-फायलिंगचंही तेच होऊ घातलं आहे. तालुक्याच्या कोर्टासमोर 'ई-फायलिंग करून मिळेल' अशी पाटी लागते आणि वकिलाचा लॉगिन, पासवर्ड आणि पक्षकाराचा आधार क्रमांक असं सगळं त्या पाटीमागच्या पोराच्या वहीत उतरतं. गोपनीयतेवर व्याख्यान देणाऱ्यांनी ती वही एकदा वाचावी.

ओटीपीचं तर बोलूच नये. ई-सही आधारवर चालते आणि ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. दिवाळी झाली की आमच्या भागातली गावंच्या गावं ऊसतोडीला जातात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे तर कुणी कर्नाटकात. पक्षकार फडात, नंबर बायकोच्या नावाचा, रिचार्ज संपलेला. मी फोन करतो, तो शेजारच्या कोपीतल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून बोलतो, "आण्णा, आधारला जुना नंबर हाये, ते कार्ड तर पोरानं हरवलं." पूर्वी हाच माणूस निघायच्या आधी वकालतनाम्यावर अंगठा देऊन जायचा आणि एप्रिलपर्यंत मी त्याचं प्रकरण ओढायचो. आता त्याचा अंगठा पुरत नाही, त्याचा टॉवर लागतो.

मराठीचं दुखणं आणखी खोल आहे. १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाली. छान झालं. पण कोर्टासमोरच्या टायपिस्टच्या संगणकात काय असतं? श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी. हे जुने फॉन्ट दिसायला मराठी आणि पोटात रोमन अक्षरांची खिचडी असतात. त्यातून केलेल्या पीडीएफमध्ये 'बांध' शोधा, काही सापडणार नाही. युनिकोड येऊन जमाना झाला, पण टायपिस्टचा हात टाइपरायटरच्या कळपाटावर बसलेला. त्याला युनिकोड शिकवायला कुणी आलं नाही. परिपत्रक मात्र वेळेवर आलं.

त्याच्याही मागे जा. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इनाम जमिनीचा, देवस्थानाचा, वक्फाचा वाद उभा राहिला की पेटीतून निघतात ते मुंतखब उर्दू-फारसीत असतात, जुने फेरफार उर्दूत, खाजगी दस्त मोडीत. खासरा पत्रकाची शाई उडालेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. हा कागद 'ओसीआर करून, सर्चेबल स्वरूपात' द्या म्हणे! कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा सरकारला मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं गोळा करावी लागली. यंत्राला ते जमणार नाही, हे सरकारला आपल्या कामापुरतं बरोबर कळतं. माझ्या पक्षकाराचा दस्त असला की मात्र यंत्राला सगळं वाचता येतं असं धरून चालायचं.

आता मुदतीचं बघा, कारण वकिलाची झोप तिथंच उडते. चेक न वटल्याच्या फिर्यादीला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १४२ ची एक महिन्याची मुदत आहे. शेवटच्या रात्री पोर्टल फिरत राहिलं तर? लिमिटेशन ॲक्टचं कलम ४ सांगतं की मुदत संपते त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करा. सर्व्हर बंद असेल तर कोर्ट बंद धरायचं की उघडं? दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या नियमांनी याचं उत्तर देऊन टाकलंय: पोर्टल बंद पडलं म्हणून मुदतीत सूट नाही. अडचण आली तर काउंटरवर जा. दिल्लीत जा म्हणणं सोपं आहे. रात्री अकराला नेकनूरहून मांजरसुंब्याचा घाट उतरून मी कोणत्या काउंटरवर जाऊ? उशीर माफीचा अर्ज करता येतो, मान्य. त्याला वेगळं शपथपत्र, वेगळी तारीख, समोरच्याचं म्हणणं. आणि तो अर्जही ई-फायलिंगनेच करायचा.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितलं ते आमच्याच मराठवाड्यातल्या खटल्यात सांगितलं, पण परिपत्रकं लिहिणाऱ्यांनी तो निकाल वाचलेला दिसत नाही. जालना विधानसभा, २०१४. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप असा की अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीननंतर खोतकरांचे कागद घेतले गेले. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागायचं. ते मागून मागून गोरंट्याल थकले, अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन, भट आणि रामसुब्रमणियन यांनी तो निकाल कायम केला. प्रमाणपत्र सक्तीचंच आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पण ज्याने ते मिळवायला शक्य ते सगळं केलं आणि जे देणं दुसऱ्याच्या हातात होतं, त्याच्यावर कायदा अशक्याची सक्ती करत नाही, हेही सांगितलं. म्हणजे सरकारी अधिकाऱ्याने कागद अडवला तर शिक्षा पक्षकाराला नाही. मग सरकारी सर्व्हरने अडवला तर का?

उलट नवा कायदा आणखी पुढे गेला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. पहिला पक्षकाराने द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने, फाइलच्या हॅश मूल्यासकट, म्हणजे तिच्या डिजिटल ठशासकट. नेकनूरला तज्ज्ञ कोण? स्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा. हुशार आहे, त्याची साक्ष मला चालेल. समोरचा वकील उलटतपासात त्याचं काय करील, ते मात्र मला दिसतं.

आता थोडं आमच्या बारबद्दल. २०२३ च्या सुमारास सक्ती आली तेव्हा राज्यभर वकील संघांनी आवाज उठवला, निवेदनं दिली. निवेदनांत गरीब पक्षकार होता, ग्रामीण नेटवर्क होतं. खरं होतं सगळं. पण ज्यांचा जीव तारीख लपवण्यावर चालतो तेही त्या गर्दीत होते. पक्षकाराला स्वतःच्या मोबाइलवर 'वकील गैरहजर' असं वाचता येतं, याचा राग त्यांना पोर्टलच्या हळूपणापेक्षा जास्त आहे. आणि ज्येष्ठ मंडळींनी तर प्रश्न केव्हाच सोडवला: लॉगिन स्वतःचं, कष्ट ज्युनिअरचे. एलएलबी होऊन आलेल्या पोरीला दिवसभर स्कॅनरपाशी उभं करायचं, वर 'शिकतेय' म्हणायचं. असल्यांनी गरिबाच्या नावाने गळा काढला की न्यायालयाला नकार द्यायला सोपं निमित्त मिळतं, आणि खरी अडचण सांगणाराही त्यांच्यातच मोजला जातो.

मग करायचं काय? अमेरिकेतल्या संघीय न्यायालयांचा नियम वकिलावर सक्ती करतो, पण वकील नसलेल्या माणसाला कागद घेऊन येऊ देतो. सक्तीला असा दरवाजा ठेवता येतो. आपल्याकडेही तिसऱ्या टप्प्यात ई-सेवा केंद्रांसाठी ३९४ कोटी धरले आहेत. त्या केंद्रात स्कॅनर कोर्टाचा हवा, माणूस कोर्टाचा हवा, मराठी युनिकोड टंकणारा हवा. मी कागद द्यावा आणि त्याने तो समोर स्कॅन करून पोच द्यावी. सरकारी ६५ पैशांत पान स्कॅन होत असेल तर माझंही होऊ द्या.

आणि सक्ती करायचीच असेल तर ती कुणावर, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने केव्हाच सांगून ठेवलंय. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड समितीचे अध्यक्ष असताना २०२१ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयांना लिहिलं होतं की १ जानेवारी २०२२ पासून सरकारी खात्यांनी आपली प्रकरणं ई-फायलिंगनेच दाखल करावीत. राज्यातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच आहे. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या प्रकरणात सरकारचं म्हणणं अजून माझ्या हातात येतं ते टाचणी लावलेल्या कागदांवर, चार तारखा उलटल्यावर, आणि सही कुणाची ते ओळखू येत नाही अशा अवस्थेत. ते कुणी परत करत नाही. बुकमार्क नाहीत म्हणून माझा दावा परत येतो.

एक वर्ष सक्ती फक्त सरकारवर करा. पीडीएफ नसेल तर तहसीलदाराचं म्हणणं घेऊ नका, ओटीपी आला नाही तर भूसंपादन अधिकाऱ्याचं अपील मुदतीबाहेर ठरवा, सर्चेबल नसेल तर दोषारोपपत्र पोलीस ठाण्याला परत पाठवा. पोर्टल किती दिवसांत सुधारतं ते बघायला मी रोज सकाळी साडेदहाला कोर्टात हजर राहीन.