मतदान केंद्राचा उंबरठा

गुरुवार, दिनांक ४ जुलै २०२४ रोजी ब्रिटनमध्ये पार्लमेंटची सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळी आमचे वास्तव्य लंडन शहरी होते. एके काळी आपल्यावर राज्य करणाऱ्या देशाची मतपेटी जवळून पाहण्याचा, इतकेच नव्हे तर तीत मत टाकण्याचाही योग आम्हास आला. राष्ट्रकुलातील देशाचा अठरा वर्षांवरील नागरिक तेथे कायदेशीरपणे राहत असेल, तर त्यास पार्लमेंटच्या निवडणुकीत मताधिकार असतो. भारताचे नागरिक असूनही आमचे नाव त्यांच्या मतदार यादीत दाखल झाले ते याच न्यायाने.

मतदान सकाळी ७ पासून रात्री १० पर्यंत चालले. बोटाला शाई नाही, यंत्र नाही. कागदी मतपत्रिका, पेन्सिल आणि एक फुली, एवढाच सरंजाम. मोजणी त्याच रात्री, हाताने. निकाल वाचला जात असता उमेदवार एकाच व्यासपीठावर उभे राहतात. पंतप्रधान सुनक यांच्या मतदारसंघात कचऱ्याच्या डब्यासारखे शिरस्त्राण घातलेला एक विनोदी उमेदवारही त्यांच्यासमवेत उभा होता. अनामत रक्कम दोघांनाही सारखीच, ५०० पौंड. दुसऱ्याच दिवशी हुजूर पक्षाचे सुनक पायउतार झाले व मजूर पक्षाचे स्टार्मर पंतप्रधान झाले. सत्तांतराचा हा शांतपणा कोणासही आदर्श वाटावा असाच आहे.

परंतु व्यासपीठावर जे दिसते त्यावरून लोकशाहीची पुरती परीक्षा होत नाही. ती मतदान केंद्राच्या उंबरठ्यावर होते. पूर्वी इंग्लंडात नाव व पत्ता सांगितला की मतपत्रिका हाती पडे. २०२२ च्या कायद्याने छायाचित्र असलेले ओळखपत्र आवश्यक केले. मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत या अटीमुळे सुमारे १४,००० मतदार केंद्रापर्यंत येऊनही मत न देता परतले. वृद्धांचा बसचा पास ग्राह्य, तरुणांचा प्रवासी पास अग्राह्य, असाही भेद त्या नियमांत होता. मोफत प्रमाणपत्राची सोय होती हे खरे. पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागे. ज्याच्या घरी पारपत्र नाही आणि मोटार चालविण्याचा परवानाही नाही, त्यालाच ही धावपळ करावी लागते, हे उघड आहे.

कायद्याचा अभ्यासक या नात्याने आम्हास यात जुनाच धडा दिसतो. त्याच देशात १९१८ पर्यंत मताधिकार मालमत्तेशी जखडलेला होता. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत १९२८ साली मिळाले. विद्यापीठाच्या पदवीधरास मिळणारे जादा मत १९४८ च्या कायद्याने गेले. हक्क एका कलमाने मिळतो आणि दुसऱ्या कलमातील अटीने अडतो. म्हणून दोन्ही कलमे वाचावी लागतात.

आपल्याकडेही हेच पाहावे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकास २०१० च्या दुरुस्तीने मतदार यादीत नाव नोंदविण्याचा हक्क मिळाला. पण मत देण्यासाठी त्याने पारपत्र घेऊन स्वतःच्या केंद्रावर हजर झाले पाहिजे. विमानाचे भाडे ज्याला परवडत नाही, त्याचा हक्क कागदावरच राहतो. पोटासाठी गाव सोडलेल्या मजुराचीही गत निराळी नाही. मतदानाच्या दिवशी एक रोज बुडवून तो शेकडो मैल कसा जाणार?

म्हणून आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे. जेथे आपले नित्य वास्तव्य आहे, तेथील यादीत आपले व घरातील प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाचे नाव आहे की नाही, हे निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच पाहावे. बिऱ्हाड बदलले असल्यास नमुना ८ भरून नाव नव्या पत्त्यावर न्यावे. मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडात गेली असेल, तर तेथील यादीत नाव घालण्यास तिला कळवावे. उंबरठ्यावरून परत फिरलेल्या माणसाची मोजणी कोणत्याही निकालात होत नाही. आपल्या घरचे माणूस त्या परतणाऱ्यांत नसावे, ही खबरदारी मात्र आपल्या हाती आहे.