तिसऱ्या आठवड्यातला काटा



मलकपेठच्या गंजात कांदा घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला घट म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. महबूब मॅन्शनच्या त्या बाजारात महाराष्ट्राचा कांदा वर्षानुवर्षे उतरतो आहे. ओला कांदा पात सुकेपर्यंत भराभर हलका होतो. पुढे चाळीतही घट चालूच असते, पण इतकी सावकाश की रोज पोते काट्यावर टाकणाऱ्याला ती दिसत नाही. म्हणून कांदा सुकायचा थांबला असे आपण म्हणत नाही. मग स्वतःच्या देहाविषयीच आपण इतके उतावीळ का होतो?

हे लिहिण्यास कारण असे. अतिलठ्ठपणा व त्याच्यासोबत येणारा मधुमेह यांवर जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया हैदराबादच्या मोठ्या रुग्णालयांत होते आणि आपल्या शेतकरी कुटुंबांतील माणसेही ती करून घेऊ लागली आहेत. शस्त्रक्रियेच्या दिवशी सारे आप्तेष्ट प्रार्थना करतात. खरी कसोटी लागते ती घरी आल्यावर, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पहिल्या पंधरवड्यात वजन झरझर उतरते आणि मग एके दिवशी काटा असा अडतो की आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही अधिक, हलत नाही. माणूस खचतो. पैसा गेला, पोट कापून घेतले आणि हाती काही आले नाही, असे त्याला वाटू लागते.

यात दैवाचा कोप नाही, रोग्याचा अपराधही नाही. आपल्या यकृतात व स्नायूंत साखरेचा एक साठा असतो आणि त्यातील प्रत्येक ग्रॅम साखर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवते. शस्त्रक्रियेनंतर अन्न एकदम कमी झाले की शरीर प्रथम हा साठा मोडते व त्याबरोबरचे पाणी निघून जाते. पहिल्या दिवसांतली मोठी घट बरीचशी या पाण्याची असते. पुढे थोडे अन्न जाऊ लागले की साठा काही अंशी पुन्हा भरतो, पाणी परत येते आणि चरबी वितळत असूनही काटा तिथेच राहतो. विहिरीतला गाळ निघत असताना झरा वाहत असला तर पाण्याची पातळी तशीच दिसते, काम मात्र चालूच असते. शरीर असा हिशेब जुळवत असताना कित्येक घरांत कमरेचा पट्टा एक भोक आत जातो आणि काट्याकडे डोळे लावून बसलेल्याच्या ते ध्यानातही येत नाही. आठवड्यातून एकदाच, ठराविक वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करावे. रोजचे वजन हा मनस्तापाचा धंदा आहे.

सर्वांत अधिक केल्या जाणाऱ्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. तेव्हा जुन्या भुकेच्या मापाने ताट वाढणाऱ्या आयाबहिणींना माझी हात जोडून विनंती आहे की, ‘एवढेच? आणखी घ्या, अशक्त दिसता’ हा आग्रह या घरापुरता बंद करा. आधी पातळ पदार्थ, मग घोटलेले, मग मऊ, हा क्रम डॉक्टर सांगतील तसाच पाळावा. भाकरी व ठेचा थोडे थांबतील. वरण, ताक, अंडे, मासळी यांतून प्रथिने जावीत. दिवसाकाठी ६० ग्रॅम तरी हवीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. पाणी दिवसभर घोट-घोट घ्यावे, जेवणाच्या सोबत नव्हे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले तर घाबरू नये, बहुधा ते पुन्हा येतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र आयुष्यभराच्या आहेत. वजन उतरले म्हणून त्या बंद करणे म्हणजे पीक उभे असताना पाणी तोडणे होय.

आता एक बोचरी गोष्ट. आपल्यातच काही जण म्हणतात की लठ्ठपणा हे खादाडपणाचे पाप आहे आणि शस्त्रक्रिया ही त्यातून काढलेली पळवाट. हे बोलणे मला अन्यायाचे वाटते. उन्हात राबणारा, मोजके खाणारा माणूसही लठ्ठ असतो. वंश, औषधे, मधुमेह, झोप यांचा त्यात वाटा असतो. नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली, ते आपल्या पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांना कोणी पळपुटे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मग आपल्या शेजारच्या बाईलाच का म्हणावे? दुसरी वाईट खोड आकडा विचारण्याची. २०१७ साली इजिप्तच्या एमान अहमद उपचारासाठी मुंबईत आल्या तेव्हा त्यांच्या वजनाचे आकडे बाजारभावासारखे छापून येत होते. त्यांचे दुखणे फार जुने व गुंतागुंतीचे होते आणि त्याच वर्षी अबुधाबीत त्यांचे निधन झाले. आकडे लोकांच्या लक्षात राहिले, बाई किती राहिली कोण जाणे. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात ‘किती उतरले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज झोप कशी लागली?’ असे विचारा.

धीर धरा म्हणजे सर्व सोसत बसा, असे मात्र नव्हे. ताप, वाढती पोटदुखी, जोरात चालणारी नाडी, धाप, पायाला सूज, किंवा पाणीही न ठरणारी उलटी झाली तर रात्र काढू नये, रुग्णालय गाठावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन यांचे प्रमाण लवकरच कमी करावे लागते. ते डॉक्टरांना विचारून करावे, आपल्या मनाने नव्हे. अंगदुखीवर दुकानातून आणलेली गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नये. पोते उचलण्याचे काम सर्जन परवानगी देईपर्यंत मुलांवर सोडावे.

एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर व पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगत असतो.

प्रायश्चित्तकाळाविषयी अनेकांनी विचारले आहे. उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत आहे, पण आजारी माणसावर त्याचे बंधन नाही आणि शस्त्रक्रियेतून उठणारा माणूस आजारीच होय. पवित्र कम्युनियनपूर्वी एक तास काही न खाण्याचा नियमही १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्याने रोग्यांना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू ठेवलेला नाही. तेव्हा मिस्सेच्या आधी ताकाचा घोट घेतला म्हणून कोणी मागच्या बाकावर बसून राहू नये. ज्यांना पूर्ण ओस्तिया गिळणे जड जाते त्यांनी मिस्सेपूर्वी सॅक्रिस्टीत येऊन सांगावे. लहान तुकडा वेगळा ठेवला जाईल.