मूत्रपिंडाचा ताळेबंद

सकाळी दहाला दुकान उघडून गादीवर बसलेला व्यापारी गिऱ्हाइकांच्या गर्दीत पाणी पिणे विसरतो. पुष्कळदा तर लघवीसाठी उठावे लागू नये म्हणून तो ते जाणूनबुजून टाळतो. घरी चौविहार असेल, तर सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंत बारा-तेरा तास पाण्याचा थेंबही पोटात जात नाही. दोष चौविहाराच्या नियमाचा नाही. दिवसभराच्या हेळसांडीचा आहे. ज्याला रात्री पाणी घ्यावयाचे नाही, त्याने दिवसा ते हिशेबाने घेतलेच पाहिजे.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील बहुतेक शरीराला परत करतात आणि दीड-दोन लिटर तेवढे लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तदाब सांभाळणे, रक्तनिर्मितीस चालना देणे आणि हाडांचे बळ राखणे ही कामेही त्यांच्याकडेच आहेत.

सर्वांत परिचित तक्रार मुतखड्याची. लघवी घट्ट झाली की त्यातील क्षार साठून खडा बनतो. पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा पाणी आणि औषधे यांच्या साहाय्याने आपोआप पडतो. त्याहून मोठा खडा ध्वनिलहरींनी फोडता येतो किंवा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून काढता येतो. दोन सेंटिमीटरहून मोठा असल्यास पाठीत लहान छिद्र पाडून काढणे श्रेयस्कर ठरते. युरिक आम्लाचा खडा तर औषधाने विरघळूही शकतो. म्हणून पडलेला खडा फेकून न देता तपासणीस द्यावा. खड्याच्या कळांबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर घरगुती काढ्यात वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला, तर तो प्राणावर बेततो.

खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे आणि मीठ कमी करावे. खड्याच्या भीतीने दूध-दही सोडण्याची चाल मात्र चुकीची आहे. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते कमी झाले, तर खडे उलट वाढू शकतात.

मुतखडा निदान ओरडून सांगतो. मूत्रपिंडाचा जुनाट विकार मात्र मुकाट्याने वाढतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची दोन प्रमुख कारणे. डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि धातुमिश्रित भस्मे यांनीही हानी होते. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर निम्म्याच्या आसपास कार्यक्षमता गेलेली असू शकते. म्हणून मधुमेह वा रक्तदाब असलेल्याने वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन तपासावे आणि क्रिएटिनिनवरून काढलेला गाळणदर पाहावा. हा दर तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर विकार जडला असे समजतात. १५ च्या खाली गेला, तर मूत्रपिंडे निकामी होण्याच्या टोकाला आली असे मानतात. लवकर कळले, तर रक्तदाब व साखर यांवर नियंत्रण आणि मूत्रपिंडाला जपणारी औषधे यांच्या बळावर ही घसरण पुष्कळ वर्षे लांबवता येते.

आपल्या घरांना येथे दोन गोष्टींचे विशेष भान हवे. तिथीच्या दिवशी हिरव्या भाजीऐवजी पानात येणारा पापड आणि जोडीचे लोणचे यांत मीठ भरपूर असते. तसेच आजाऱ्याला प्रेमाने दिले जाणारे नारळपाणी, सुकामेवा आणि फळांचा रस यांतील पोटॅशियम दुबळ्या मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही आणि ते हृदयाची गती बिघडवू शकते. असा रुग्ण पर्युषणात निर्जळ उपवास करू लागला, रक्तदाबाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही नेहमीप्रमाणे घेत राहिला, तर चार दिवसांत प्रकृती कोसळू शकते. पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेण्यात श्रद्धेची उणीव नाही. शास्त्रकारांनी बाह्य तपात अनशनाबरोबर उणोदरी आणि रसपरित्यागही सांगितले आहेत. तप यथाशक्ती करावयाचे असते.

मूत्रपिंडे निकामी झाली, तरी मार्ग संपत नाही. यंत्रावरील रक्तशुद्धी म्हणजे हिमोडायलिसिस; ते सामान्यतः आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास करावे लागते. त्यासाठी हातातील धमनी व शीर जोडून ठेवण्याची छोटी शस्त्रक्रिया काही आठवडे आधीच करावी लागते. त्या हातातून पुढे रक्त काढू देऊ नये. दुसरा प्रकार पोटाच्या पडद्याद्वारे घरच्या घरी करण्याचा. त्यात दिवसातून तीन-चार वेळा द्रव बदलावा लागतो आणि कडक स्वच्छता पाळावी लागते, पण दुकान सांभाळणाऱ्याला तो सोयीचा पडू शकतो. योग्य रुग्णासाठी सर्वांत चांगला उपाय प्रत्यारोपणाचा. त्यानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून औषधे मात्र आयुष्यभर घ्यावी लागतात.

आपल्या देशात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन आजी-आजोबा व नातवंडे यांचाही जवळच्या नातलगांत समावेश झाला आणि रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना परस्पर दात्यांची अदलाबदल करण्याची मुभा मिळाली. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. निरोगी दाता एका मूत्रपिंडावर सामान्य आयुष्य जगू शकतो. तरीही जिवंत दात्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून खूप अधिक आहे, ही बाब प्रत्येक घराने मनाशी तपासावी. आई किंवा पत्नी पुढे येते आणि भाऊ-मुलगे धंद्याची सबब सांगतात, तेव्हा ते दान की कुटुंबाचा मूक दबाव, हे विचारलेच पाहिजे.

खर्चाचा विचारही आधी व्हावा. बाजारातील पत आणि मुलांची सोयरीक यांच्या काळजीने आजार लपवला जातो. विम्याच्या अर्जात तो लपवला, तर ऐन गरजेला दावा नाकारला जाऊ शकतो. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडीबी अन्वये, जुन्या करप्रणालीत, या आजाराच्या खर्चाबद्दल ४० हजार रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठ नागरिकाच्या बाबतीत १ लाखापर्यंत वजावटीची तरतूद करण्यात आली. तीसाठी तज्ज्ञाचे लेखी औषधपत्र जपून ठेवावे लागते.

दिवाळीला चोपडीपूजन करणाऱ्या घराने त्याच आठवड्यात घरातील चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर, लघवी आणि क्रिएटिनिन तपासून त्यांचे आकडे एका वहीत लिहून ठेवावेत. त्या वहीतील नोंद घरच्या सुनेचीही असावी, केवळ कर्त्या पुरुषाची नव्हे. आणि घरात कुणाच्या नशिबी डायलिसिस आलेच, तर आठवड्यातील ते तीन दिवस त्याच्याबरोबर जाण्याची पाळी सर्वांनी वाटून घ्यावी. आपल्या परंपरेत वैयावृत्त्य हेही तपच आहे, आणि ते अनशनासारखे बाह्य नसून आभ्यंतर तपांत गणले गेले आहे.