विश्लेषण : कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला ॲनिमेशन का शोभते?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास चित्रे आणि संगीतातून सांगणारा ॲनिमेशन लघुपट म्हटला, की एक आक्षेप सहज सुचतो : गुलामगिरीसारख्या विषयाला ‘कार्टून’ कशाला? त्याचे उत्तर सरकारी दप्तरातच आहे.

दप्तरात काय सापडते?

१८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तीत मालकाचे नाव आहे. गुलामाचे वय, लिंग, वर्णही आहे. नाव मात्र बहुतेक ठिकाणी नाही. त्याआधी १७४० मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवण्यावर आणि त्यांच्या ढोलांवरही बंदी घातली होती.

मग इतिहास टिकला कुठे?

गाण्यांत. १८७१ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील विद्यार्थी संस्थेसाठी पैसे उभे करायला दौऱ्यावर निघाले आणि गुलामांची भक्तिगीते दूरवर पोहोचली. पुढे चित्रांत. जेकब लॉरेन्सने १९४१ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, दक्षिणेतून उत्तरेत गेलेल्या कृष्णवर्णीयांचे स्थलांतर ६० छोट्या फलकांवर पूर्ण केले. एक रंग सगळ्या फलकांवर लावायचा, मग दुसरा घ्यायचा, अशी त्याची पद्धत. प्रत्येक चित्रासोबत एक-दोन ओळींचा मजकूर. चित्रांची ही मालिका चित्रपटासारखीच पुढे सरकते. म्हणजे ॲनिमेशन इथे उपरे नाही.

महाराष्ट्राशी नाते काय?

महात्मा फुले यांनी १८७३ चे ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनीही पुस्तकापर्यंत न पोहोचलेल्यांना इतिहास गाऊनच सांगितला. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला ही रीत परकी वाटू नये.

धोका कोणता?

सुंदर रंग आणि गोड सुरांत वेदनाही देखणी होऊन जाते. प्रेक्षक हळहळतो आणि पुढच्या व्हिडीओकडे वळतो. म्हणून असा लघुपट जोखताना दोन गोष्टी पाहाव्यात. संगीत नुसते पार्श्वभूमीला आहे, की तेच गोष्ट सांगते? आणि मूळ चित्रकार, गायकांची नावे ठळक दिली आहेत, की शेवटच्या दोन सेकंदांत उरकली आहेत?

ज्या समाजाची नावेच यादीतून गाळली गेली, त्याच्या कलावंतांची नावे पुन्हा गाळणे हा साधा विसर ठरत नाही. आणि प्रेक्षकानेही एवढे करावे : मोबाइलचा आवाज बंद ठेवून हे लघुपट पाहू नयेत. अर्धा इतिहास त्या आवाजातच आहे.