झाकलेला माल आणि कारागिराचे इमान

फ्रान्समध्ये लॅम्बो यांनी १८४८ साली तारांच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवून होडी बांधली. पुढे १९७०च्या दशकात ब्रिटन, न्यूझीलंडमध्ये अनेक हौशी लोकांनी अशा होड्या घरीच बांधल्या. काहींच्या गिलाव्यात पोकळी राहिली, काहींनी तो पुरेसे दिवस ओला ठेवला नाही. मग आत जाळी गंजते, वरून दिसत नाही. परिणामी पक्क्या होड्यांचेही भाव पडले.

दुरुस्ती सोपी आहे: फुटका भाग काढा, गंज घासा, जाळी जोडा, गिलावा दाबून भरा, ओला ठेवा. पण साखेची दुरुस्ती सोपी नाही. कापडाचा ताका उलगडून दाखवता येतो, होडीचे अंग नाही. म्हणून कारागीर बंधूंनो, गिलाव्यापूर्वी जाळीचे फोटो काढून गिऱ्हाइकाला द्या. झाकलेल्या मालाला तीच हमी.